शिवणीतली माया

मागच्या महिन्यात भाच्याचा मेसेज आला. "मामा, ३०५० ग्राफिक कार्ड घेतोय, सहा जीबीवालं. कोणाचं घेऊ?" बास, एवढाच. मी तेव्हा दादरला डोंबिवली फास्टमध्ये घुसलेलो, एक हात वरच्या कडीला, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने टाइप करायला लागलो की आधी कॅबिनेटचं माप पाठव, एसएमपीएसच्या, म्हणजे पॉवर सप्लायच्या, स्टिकरचा फोटो पाठव, मॉनिटरला मागे कुठली कुठली भोकं आहेत ते सांग, आणि ठाणं येईपर्यंत लक्षात आलं की हे सगळंच्या सगळं मी ह्याच पोरासाठी ह्याआधी एकदा करून बसलोय, फक्त तेव्हा तो नववीत होता आणि प्रश्न माझे मीच मला विचारत होतो.

ज्यांनी कधी ग्राफिक कार्ड, म्हणजे गेमची चित्रं रंगवणारा कॉम्प्युटरमधला जादा बोर्ड, घेतलं नाही त्यांना हा "कोणाचं" विचित्र वाटेल. एनव्हिडियाचं कार्ड म्हणजे एनव्हिडियाचंच ना? तर नाही. एनव्हिडिया चिप देते. ती चिप कुठल्या बोर्डावर बसवायची, तिला करंट पुरवणारी सर्किट्स किती तगडी ठेवायची, वर ॲल्युमिनियमचा केवढा ठोकळा टाकायचा, पंखे एक का दोन, हे सगळं असूस, एमएसआय, गिगाबाइट, झोटॅक, इनो थ्रीडी, गॅलॅक्स अशा मंडळींचं काम. महागड्या कार्डांमध्ये एनव्हिडिया स्वतःचंही एक काढते, पण मी ज्या कार्डाबद्दल बोलतोय त्या जीटीएक्स १६५० मध्ये तेही नव्हतं. म्हणजे ओरिजिनल असं काही नाहीच, सगळ्या आवृत्त्याच.

आमच्या आईला हे मी एकदा असं समजावलं होतं की समज कापड एकाच ताग्यातलं आहे आणि शिंपी वेगवेगळे आहेत. तिने लगेच विचारलं, "माया कोण जास्त ठेवतो?"

शाळेचा गणवेश आम्ही सांगलीत गणपती पेठेतून कापड घेऊन शिवायला टाकायचो आणि आई दर जूनमध्ये शिंप्याला तेच वाक्य ऐकवायची, माया जास्त ठेवा, पोरगं वाढतंय. माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडून सोडलेलं जादा कापड. बाहेरून दिसत नाही, शर्ट घातल्यावर कळत नाही, पण दिवाळीनंतर खांदे उसवून सैल करायची वेळ आली की कळतं कोणी ठेवलीये आणि कोणी कापड वाचवून स्वतःच्या खिशात घातलंय. ग्राफिक कार्डाबद्दल मी नंतर जे काही वाचलं ते सगळं फिरून फिरून ह्या एका प्रश्नापाशीच येत होतं, आणि तो आईने चहाचा कप खाली ठेवायच्या आत विचारला होता.

तर २०१९. ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं, ताईचा तळमजला गेला. फ्रिज, गाद्या, शिवणयंत्राचा खालचा पाय, आणि भाच्याचा पीसी. त्यावर जास्त लिहीत नाही, ज्यांनी तो चिखल उपसलाय त्यांना माहितीये. डिसेंबरात माझ्या ओळखीच्या एका ऑफिसने जुन्या मशिनी काढल्या, त्यातला एक डेल ऑप्टिप्लेक्स मी उचलला, चौथ्या जनरेशनचा आय फाइव्ह, आणि सांगलीला पाठवला. पोरगं खूश, पण दोन दिवसांनी हळूच, "मामा, ह्यात गेम चालत नाही रे." ताईकडे मागायची त्याची हिंमत नव्हती, त्या वर्षी कोणाचीच नव्हती. म्हणलं बरं, बारा हजारांपर्यंत मी बघतो.

आता बारा हजारांत तेव्हा खरं तर एएमडी ह्या दुसऱ्या चिपवाल्या कंपनीचं आरएक्स ५७० मिळत होतं, १६५० पेक्षा वेगवान आणि वर स्वस्त, कुठलाही शहाणा माणूस तेच घे म्हणाला असता. पण त्याला १५० वॅट लागतात आणि आमच्या ऑफिसातून आलेल्या डब्यात २९० वॅटचा एसएमपीएस, त्यातून ग्राफिक कार्डासाठी एकही वायर बाहेर आलेली नाही. सहा पिन नाही, आठ पिन तर सोडाच. एसएमपीएस बदलू म्हणलं तर त्या मशिनीचा मदरबोर्डला जाणारा पॉवर कनेक्टरच जगावेगळा, साधा बाजारातला बसत नाही. म्हणजे जे काही कार्ड असेल ते मदरबोर्डवर ज्या खाचेत बसतं त्या नुसत्या स्लॉटमधून मिळणाऱ्या ७५ वॅटवर जगलं पाहिजे. १६५० चा आकडा बरोबर ७५. एप्रिल २०१९ मध्ये १४९ डॉलरला ते आलं तेव्हा बऱ्याच रिव्ह्यूवाल्यांनी नाकं मुरडली होती, ह्या पैशात हे काय, म्हणून. ते बरोबरच होते. पण ज्याच्याकडे सहा पिन नाही त्याचं जग वेगळं असतं.

आणि मजा अशी की काहींची १६५० सुद्धा सहा पिनशिवाय चालतच नव्हती! एमएसआयचं गेमिंग एक्स, असूसचं आरओजी स्ट्रिक्स, ह्यांना जादा वायर लागायचीच. चिप तीच, ८९६ कोअर तेच, चार जीबी तेच, पण कंपनीने चिपला जास्त जोरात पळवायचं ठरवलं की स्लॉटचे ७५ वॅट पुरत नाहीत. एनव्हिडियाने बूस्ट, म्हणजे चिपचा वरचा वेग, ठेवला होता १६६५ मेगाहर्ट्झ, गेमिंग एक्सच्या खोक्यावर १८६०. ऐकायला सव्वाअकरा-बारा टक्के. खेळताना सेकंदाला दोन-चार फ्रेम. जिथे ५५ दिसायचे तिथे ५८ दिसतील, आणि त्यासाठी अडीच-तीन हजार जास्त. दुसऱ्या टोकाला झोटॅकचं छोटं कार्ड, नाव ओसी, म्हणजे कारखान्यातूनच ओव्हरक्लॉक करून आलेलं, तर त्याचा बूस्ट १६९५. तीस मेगाहर्ट्झ! दोन टक्केसुद्धा नाहीत. तरी खोक्यावर ओसी असं ठसठशीत छापलेलं. आमच्याकडे दुधात पाणी घालतात, इथे नावात.

मी वाईट अर्थाने म्हणत नाहीये. उलट मला तर नंतर हे जास्तच आवडायला लागलं, कारण ज्याने चिपला कमी पळवलंय त्याने माया शिल्लक ठेवलीये. सांगलीत एप्रिलमध्ये चाळीस डिग्री, खोलीत पंखा गरम हवाच फिरवतो, ऑफिसच्या डब्याला मागे एकच फॅन. तिथे शेवटच्या मेगाहर्ट्झपर्यंत ताणलेलं कार्ड म्हणजे अंगाला चिकटून शिवलेला शर्ट, फोटोत भारी, जेवल्यावर बटण तुटणार. तसंही हल्लीची कार्डं गरम झाली की स्वतःच वेग उतरवतात, त्यामुळे खोक्यावरचा आकडा एसीच्या खोलीतला आणि आपला आकडा आपल्या खोलीतला.

मग मी तक्ता केला. एक्सेलमध्ये, ऑफिसच्या वेळात, हे आता सांगायला हरकत नाही. लांबी, पंखे, पोर्ट, वॉरंटी, किंमत. आणि भाच्याला फोन करून सांगितलं की कॅबिनेट उघड, स्लॉटपासून पुढे हार्ड डिस्कच्या खणापर्यंत किती जागा आहे ते मोज. त्याने मोजलं आणि म्हणाला ३१ सेंटीमीटर. म्हणलं वा, मग काय, काहीही बसेल! दोन दिवस मी मोठ्या दोन पंख्यांच्या कार्डांच्या मागे, पंचवीस सेंटीमीटरची वगैरे, आणि मग ताईचा फोन. "अरे, तो आईच्या टेपने मोजतोय. आईच्या टेपचं तोंड झिजलंय, ती दहापासून धरते. त्याला कुठे माहिती." म्हणजे २१. अर्धा तक्ता तिथल्या तिथे गेला.

उरली ती छोटी. झोटॅकचं १५१ मिलिमीटर, एमएसआयचं एरो आयटीएक्स १७८, असूसचं फिनिक्स, अशी एकेका पंख्याची ठेंगणी कार्डं, आणि एक-दोन जेमतेम बसतील अशी दोन पंख्यांची. पोराला दोन पंखेच हवे होते. का, तर भारी दिसतात. अरे बाबा, तुझं कॅबिनेट काळ्या पत्र्याचं, बंद, त्याला काच नाही, आत उंदीर बसला तरी दिसणार नाही! पण चौदा वर्षांच्या पोराला हे पटत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही पूर्ण पटत नव्हतं. दोन पंखे म्हणजे कार्ड वाटतं, एक पंखा म्हणजे टेबलफॅन वाटतो. ७५ वॅटच्या चिपला एक नीट पंखा आणि बऱ्यापैकी ठोकळा पुरतो हे दहा ठिकाणी वाचूनसुद्धा मन दोनवरच जायचं.

पोर्टचा घोळ वेगळाच. ताईकडचा मॉनिटर जुना, मागे केबलची भोकं दोनच, व्हीजीए आणि डीव्हीआय. १६५० मधून व्हीजीए निघतच नाही. मग डीव्हीआय असलेलं कार्ड शोधा, ते झोटॅकमध्ये होतं, एरोमध्ये होतं, गेमिंग एक्समध्ये नव्हतं, असं मी दोन रात्री मागच्या पट्टीचे फोटो झूम करून बघत बसलो. एचडीएमआय ते डीव्हीआय केबल दोन-तीनशे रुपयांत मिळते हे मला तिसऱ्या दिवशी आंघोळ करताना आठवलं.

एव्हाना १६५० सुपर पण आलेलं, नोव्हेंबरात, फक्त दहा डॉलर जास्त आणि वेगात कितीतरी पुढे, पण १०० वॅट आणि सहा पिन. तक्त्यात मी त्याची ओळ टाकून लाल करून ठेवली होती. का ठेवली होती कोण जाणे. लग्न ठरल्यावर दुसऱ्या स्थळाचा फोटो ठेवतात का कोणी?

वॉरंटीचा रकाना मात्र मी सगळ्यात आधी भरला होता, आणि त्याला कारण आहे. कॉलेजात असताना माझं एक कार्ड सव्वा वर्षात मेलं होतं, कंपनीचं नाव घेत नाही. तीन वर्षं वॉरंटी खोक्यावर लिहिलेली. दुकानदार म्हणाला डिस्ट्रिब्युटरकडे जा, डिस्ट्रिब्युटर म्हणाला आम्ही आता त्यांचा माल ठेवत नाही, नव्याकडे जा, नवा म्हणाला ही आमच्या आधीची विक्री. साडेचार महिने. शेवटी दुसरंच, कमी ताकदीचं कार्ड हातात दिलं, वर उपकार केल्यासारखं तोंड. तेव्हापासून वॉरंटीची वर्षं मी मोजत नाही, म्हणजे मोजतो पण त्याच्या पुढे लिहितो की ती वर्षं नक्की कुठल्या गल्लीत, कुठल्या मजल्यावर वसूल होतात.

शनिवारी ग्रँट रोडला उतरलो. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, तोंडात सगळ्यांच्या लॅमिंग्टन रोड. ऑनलाइन पाचशे रुपये स्वस्त होतं, पण मला माणूस बघायचा होता. चार दुकानं फिरलो. तिघांनी जे समोर पडलेलं ते बेस्ट म्हणून सांगितलं. चौथा, जिन्याखालचा, साठीचा, शर्टाच्या खिशात टेस्टरचा स्क्रूड्रायव्हर. मी तक्ता काढला तर त्याने चष्मा वर करून माझ्याकडेच बघितलं. म्हणाला, "साहेब, ये सब कंपनी अच्छा भी बनाती है, खराब भी बनाती है. आप कंपनी मत पूछो. पूछो वापस कौनसा आता है."

म्हणलं, बरं, वापस कौनसा आता है?

त्याने कोपऱ्यातल्या खोक्यांच्या ढिगाकडे हनुवटीने दाखवलं, ती आरएमएला, म्हणजे वॉरंटीत कंपनीकडे परत, जायची होती. त्यात माझ्या तक्त्यातली जवळजवळ सगळी नावं होती. मग त्याने मला अर्धा तास दिला, गिऱ्हाईक नव्हतं म्हणून असेल, पण दिला. एक मेलेलं कार्ड उलटं करून दाखवलं की बघ, इथे चिपवर ठोकळा टेकतो पण मेमरीच्या चिपांवर काहीच टेकत नाही, त्या नुसत्या पंख्याच्या वाऱ्यावर. दुसऱ्यात टेकतो. खोक्यावर हे कुठे लिहितात? पंखा बोटाने फिरवून दाखवला, हा साध्या बुशवाला, हा बॉल बेअरिंगवाला, साधा सुरुवातीला गप्प असतो पण धूळ आणि गरमी खाऊन दोन-तीन वर्षांत करकर करतो, बॉलवाला पहिल्यापासून थोडा बोलतो पण टिकतो. आणि जाता जाता हेही की झोटॅक आणि इनो थ्रीडी एकाच घरचे, गॅलॅक्स आणि पॅलिट एकाच घरचे, तुम्ही भांडता कशाला. मी घरी येऊन तपासलं, खरं होतं. झोटॅक आणि इनो थ्रीडीच्या मागे पीसी पार्टनर नावाची एकच कंपनी आहे, तेव्हा हाँगकाँगची. इंटरनेटवर लोक ह्या दोन नावांवरून एकमेकांची आयमाय काढतात.

मी कुठलं घेतलं ते नाव मुद्दाम लिहीत नाही. ते मॉडेल आता नवं मिळत नाही, आणि लोक नुसती कंपनी लक्षात ठेवून तिचंच भलतं मॉडेल उचलून आणतात. त्याच कंपनीचं महाग मॉडेल ठोकळ्यात तांब्याच्या नळ्या घालून येतं आणि स्वस्त मॉडेल नुसत्या ॲल्युमिनियमवर भागवतं, वर छाप एकच. एवढंच सांगतो की एक पंखा, डीव्हीआय आहे, सहा पिन नाही, आणि मेमरीवर ठोकळा टेकतो, त्याने माझ्यासमोर टॉर्च मारून दाखवला. बारा हजार आठशे, पक्कं बिल, जीएसटीसकट. बिल कोणाच्या नावाने, तर ते मी माझ्या नावाने केलं, कारण सर्व्हिस सेंटर मुंबईत आणि मीही मुंबईत. पोराला हे थोडं लागलं. कार्ड त्याचं, बिल मामाचं.

खोकं फेकू नका हे मी ताईला तीनदा सांगितलं. सिरीयल नंबर खोक्यावर असतो, काही झालं तर लागतं. तिने ते माळ्यावर टाकलं. पुरानंतर त्या घरात जे जपायचं ते माळ्यावरच जातं, पोराच्या शाळेच्या दाखल्यापासून ते बाबांच्या घड्याळापर्यंत.

नंतर मार्च २०२० आला, शाळा पीसीवर आली, कार्ड रात्रीचं जागायला लागलं. एप्रिलमध्ये एनव्हिडियाने १६५० ह्याच नावाने जीडीडीआर सिक्स मेमरीची आवृत्ती आणली, क्लॉक जरा कमी पण मेमरीचा वेग १२८ वरून १९२ जीबी दर सेकंदाला. नाव तेच! म्हणजे आता नुसता शिंपीच नाही, कापडसुद्धा विचारून घ्यायचं. निदान इथे गिऱ्हाइकाचा फायदा होता. २०१८ मध्ये जीटी १०३० ह्या स्वस्त कार्डाच्या बाबतीत नेमकं उलटं झालेलं, तेच नाव ठेवून साधी डीडीआर फोर मेमरी घातली, मेमरीचा वेग जुन्याच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यावर, आणि किती लोकांनी वीस रुपयांची काकडी समजून पडवळ घरी नेलं असेल देव जाणे. २०२१ मध्ये तर कार्डांचे भाव असे चढले, एकीकडे क्रिप्टोवाले, एकीकडे चिपांची टंचाई, की आमच्या वापरलेल्या कार्डाला लोक मी दिलेल्यापेक्षा जास्त द्यायला तयार होते. भाच्याने मला विचारलं विकू का. मी म्हणलं विकून मग काय बघणार, भिंत?

२०२२ च्या उन्हाळ्यात पंखा करकरायला लागला. लॅमिंग्टन रोडच्या म्हाताऱ्याने सांगितलेलं तसं, अडीच वर्षांनी. मी म्हणलं वॉरंटी आहे डिसेंबरपर्यंत, खोकं काढ, कुरियर कर, मी इथून नेऊन देतो, तीन आठवडे जातील. सुट्टीतले तीन आठवडे! त्याने काय केलं, स्क्रूवरचा वॉरंटीचा स्टिकर फोडला, पंखा काढला, ताईच्या मेंदीच्या ब्रशने धूळ झाडली, मधलं गोल स्टिकर नखाने उचललं आणि आईच्या शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडला. मला कळलं तेव्हा मी फोनवर अर्धा तास बोललो. पक्कं बिल, माळ्यावरचं खोकं, मुंबईतलं सर्व्हिस सेंटर, माझ्या नावाचं सगळं, आणि ह्याने एका थेंबात वॉरंटी संपवली! तो गप्प ऐकून घेत होता, मागून कार्डाचा आवाज येतोय का म्हणून मी कान देत होतो, येत नव्हता.

तो पंखा अजून चालू आहे. ताई त्या पीसीवर ब्लाउजच्या ऑर्डरींचा हिशोब लिहिते आणि रात्री पत्त्यांचा गेम खेळते, त्यासाठी ग्राफिक कार्ड लागत नाही हे तिला कोणी सांगितलेलं नाही.

आणि आता ह्याचं ३०५०. पोरगं पुण्यात इंजिनिअरिंगला, कुठल्या तरी कंपनीने काढलेली जुनी मशिन ह्यानेही उचललीये, रक्तातच आहे. पुन्हा सहा पिन नाही. ३०५० मध्ये पण तोच खेळ, जानेवारी २०२२ चं आठ जीबीवालं १३० वॅटचं, २५६० कोअर, आणि फेब्रुवारी २०२४ चं सहा जीबीवालं ७० वॅटचं, २३०४ कोअर, मेमरीचा रस्ताही १२८ बिटवरून ९६ वर आणलेला. नावातला फरक फक्त जीबीचा. त्याला सगळं माहिती होतं, मी सांगायच्या आधी त्यानेच मला सांगितलं. मी डोंबिवलीला उतरून स्टेशनबाहेर उभा राहून लिहिलं की मेमरीवर ठोकळा टेकतो का ते बघून घे, बेअरिंग कसलं आहे विचार, ओसीच्या नावाचे पैसे देऊ नको, दुकानदाराला विचार की वापस कौनसा आता है.

"हो मामा. बिल माझ्या नावाने करतोय."

मग थोड्या वेळाने फोटो. उघडं कॅबिनेट, आत धूळ, आणि स्लॉटपासून पुढे ताणून धरलेला पिवळा पडलेला कापडी टेप, तोंड झिजलेला. आईचा टेप पुण्याला कधी गेला मला माहितीच नव्हतं. खाली लिहिलेलं, "३३ दिसतंय. दहा वजा कर."